ठिणगीची वेळ

घरातील वृद्ध माणसाने कसलीही तक्रार सांगितली की, "आता वयच झाले, चालायचेच," असे म्हणून तिची बोळवण करण्याची आपल्या कुटुंबांतून एक वाईट चाल आहे. गुडघा दुखला तरी वय, झोप लागली नाही तरी वय, आणि चष्म्याचा नंबर बदललेला असला तरीही वयच. जुन्या यंत्रांच्या वाट्यासही हेच येते. एंजिन तापू लागले, गाडी ओढीनाशी झाली, की पाहणारा मान हलवून "एंजिन बसले" असा निकाल देतो, आणि मालकही तो निमूटपणे मान्य करतो. वास्तविक अशा पुष्कळ प्रसंगी एंजिनाचे लोखंड धडधाकट असते. चुकलेली असते ती केवळ ठिणगी पडण्याची वेळ.

हा विषय आज घेण्याचे कारण इंदापूर तालुक्यातील एका मोठ्या एकत्र कुटुंबाकडून आम्हांस आलेले पत्र हे होय. कुटुंब तीन भावांचे, घरात लहानमोठी सतरा माणसे, शेती नीरा डाव्या कालव्यावरच्या उसाची. गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांच्या वडिलांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घेतलेली फार्गो जातीची मालमोटार उभी आहे. एंजिन सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे. पुष्कळ वर्षे ती नुसतीच उभी होती. गतवर्षी घरातील एका नातीने व तिच्या चुलतभावाने सुट्टीत तिच्यावर हात फिरविला आणि ती चालू केली. तेव्हापासून घरातील सर्वांच्या मनाने घेतले आहे की, आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी ह्या मार्गाने इंदापुरास येते त्या वेळी, वडील करीत असत त्याप्रमाणे, दिंडीचे सामान एक मजल ह्याच गाडीतून न्यावे.

परंतु गाडीने दगा दिला. चालू करतेवेळी हँडल उलटे मारते; त्या फटक्याने पुतण्याचे मनगट दुखावून त्यास पंधरा दिवस हात गळ्यात बांधावा लागला. चालू झाल्यावर चढाला ओढ नाही, दोन कोसांच्या आत पाणी उकळू लागते आणि सायलेन्सरमधून फटफट असे बार निघतात. एका मिस्त्रींनी एंजिन उतरवून सिलिंडर पुन्हा कातून घ्यावे लागतील असे सांगितले व खर्चाचा आकडा घातला. तो ऐकून मधल्या भावाने भंगाराच्या व्यापाऱ्याशी बोलणे लावले आहे. थोरल्या बंधूंनी आम्हांस विचारले आहे ते एवढेच की, गाडी द्यावी की ठेवावी?

उत्तराकडे वळण्यापूर्वी ह्या गाड्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण इंदापूर तालुक्याशी त्यांचे नाते केवळ रस्त्याचे नाही. ज्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत ह्याच तालुक्यात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसविले, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईस कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज व फार्गो ह्या मालमोटारी त्यांतल्याच. पुढे डिझेल स्वस्त व कष्टाळू ठरले; १९५४ नंतर टाटांच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आल्या आणि पेट्रोलच्या मालमोटारी मागे पडत गेल्या. माळेगाव व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने १९५० नंतरच्या त्याच दशकात उभे राहिले. त्यामुळे पेट्रोलच्या एंजिनाची ठिणगी लावण्यात ज्यांची हयात गेली अशा मिस्त्रींची पिढी आता जवळजवळ संपली आहे, आणि आजच्या मिस्त्रींचे सारे शिक्षण डिझेलवर झालेले आहे. वरील मिस्त्रींनी जो निकाल दिला तो ह्यामुळे. त्यांस दोष देण्याचे कारण नाही.

आता मुद्द्याकडे वळू. पेट्रोलच्या एंजिनात हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण सिलिंडरात ओढले जाते, दट्ट्या म्हणजे पिस्टन वर येऊन ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडून ते पेटते. पेटलेल्या वायूचा दाब दट्ट्यास खाली ढकलतो; हीच एंजिनाची शक्ती. आता असे वाटेल की, दट्ट्या अगदी वरच्या टोकास पोहोचला की ठिणगी पडावी. तसे नाही. मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरण्यास वेळ लागतो. तो अतिशय थोडा, हिशेबासाठी सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग धरू. एंजिन मिनिटास सहाशे फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात दंड सुमारे सात अंश फिरतो. चोवीसशे फेरे घेत असेल तर सुमारे एकोणतीस अंश. तेव्हा एंजिन जितके वेगाने फिरेल तितकी ठिणगी आधी पडली पाहिजे. चुलीवर भात किती आधी चढवावयाचा हे पान किती वाजता मांडावयाचे ह्यावर ठरते; पान लवकर मांडावयाचे असेल तर भातही लवकर चढविला पाहिजे. एंजिनाचा हिशेब ह्याहून निराळा नाही.

ठिणगी वेळेवर देण्याचे काम डिस्ट्रिब्यूटर नावाच्या डबीकडे असते. तिच्यात दोन लहान टोके असतात. त्यांस आपल्याकडे पॉइंट म्हणतात. ती मिटलेली असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. एंजिनाबरोबर फिरणारा सहा कोनांचा दांडा पॉइंट उघडतो, त्याच क्षणी प्रवाह तुटतो, आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टांचा धक्का निर्माण होऊन तो प्लगपर्यंत जातो. मिनिटास चोवीसशे फेरे होत असता ही उघडझाप सेकंदास एकशेवीस वेळा होत असते. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. तो बिघडला की पॉइंट काळे पडतात आणि प्लगची ठिणगी निस्तेज होते. शिवाय डबीच्या तळाशी दोन लहान वजने स्प्रिंगांनी बांधलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि दांड्याचा वरचा भाग थोडा पुढे सरकवितात, म्हणजे ठिणगी आपोआप आधी पडू लागते. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांस परत आणतात. ह्या दोन वजनांकडे वाचकांनी विशेष लक्ष ठेवावे. आमच्या पत्रलेखकांच्या गाडीचे सारे दुखणे आम्हांस तेथेच दिसले.

ठिणगी फार आधी पडली तर काय होते? दट्ट्या अजून वर येत असतानाच वायू पेटून त्यास खाली ढकलू पाहतो. एंजिन वेगात असेल तर खणखण असा आवाज येतो. हाताने फिरविताना मात्र त्या शक्तीस आवरण्यास एंजिनाचा वेग नसतो, म्हणून ते उलटे फिरते आणि हँडल मागे उसळते. फार उशिरा पडली तर वायू नीट ढकलण्याच्या आतच दट्ट्या निम्मा खाली गेलेला असतो. ओढ राहत नाही, आणि बाहेर जाण्याची झडप उघडते तेव्हाही ज्योत जळतच असते. ती उष्णता नळीत व ठोकळ्यात जाते. ह्या जुन्या फार्गो एंजिनात तर झडपा माथ्यावर नसून बाजूला ठोकळ्यातच बसविलेल्या आहेत. त्यामुळे बाहेर पडणारा जळता वायू पाण्याभोवतीच्याच लोखंडातून जातो, आणि पाणी लवकर उकळते.

म्हणजे हँडल उसळणे हे ठिणगी आधी पडण्याचे लक्षण, आणि तापणे व ओढ नसणे हे ती उशिरा पडण्याचे. एकाच गाडीत ही दोन्ही लक्षणे! पत्र वाचून प्रथम आम्हीही थबकलो. परंतु पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती, ती महत्त्वाची. आरंभी गाडी सहज चालू होत असे, पण पळताना मार खात असे. म्हणून कोणी जाणत्याने डबी किंचित फिरवून दिली. त्याने पळण्यात थोडा फरक पडला, मात्र तेव्हापासून हँडल मारू लागले.

ह्यावरून सर्व उलगडते. ती दोन वजने गंजून जागच्या जागी अडकलेली असली पाहिजेत. वेग वाढला तरी ती फाकत नाहीत, म्हणून पळताना ठिणगी उशिरा राहते. जाणत्याने कानाने ऐकून सगळी डबीच पुढे सरकविली. त्यामुळे पळताना उशीर थोडा कमी झाला, पुरता गेला नाही. पण चालू करतेवेळी जेथे घाई मुळीच नको तेथे ठिणगी फार आधी पडू लागली. मनगटावर बसलेला फटका हा त्या दुरुस्तीचा परिणाम होता. एका रोगाचे औषध दुसऱ्या जागी लावले म्हणजे असे होते.

तथापि पत्रावरून केलेले निदान हे पत्रावरचेच. म्हणून आम्ही त्यांस तातडीने जे कळविले ते येथे थोडे विस्ताराने देतो. अशा गाड्या, जीपगाड्या, पेट्रोलवरचे जुने पंप अजूनही पुष्कळ घरांतून आहेत.

एंजिन खरोखरच "बसले" आहे काय, हे आधी पाहावे. सर्व प्लग काढून प्रत्येक भोकास दाब मोजण्याचे घड्याळ लावावे व एंजिन फिरवावे. सहाही आकडे एकमेकांच्या जवळपास आले तर सिलिंडर कातण्याची भाषा बोलूच नये. एखादा फारच कमी आला तर त्या भोकात चमचाभर एंजिनतेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष दट्ट्याच्या कड्यांत, म्हणजे रिंगांत. न चढला तर बहुधा झडपेत. हे घड्याळ कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते. ह्या एका परीक्षेवर हजारोंचा खर्च करावयाचा की नाही हे ठरते, आणि नेमकी तीच कोणी करीत नाही ह्याचे आम्हांस नवल वाटते.

काढलेले प्लग तसेच पुसून टाकू नयेत, ते वाचावेत. फिकट तपकिरी असतील तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. तेलकट असेल तर तेल वर येत आहे. नंतर एका प्लगची तार लाकडी दांडीच्या चिमट्याने धरून एंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर न्यावी आणि एंजिन फिरवावे. निळी, टणटणीत आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल व कंडेन्सर बरे आहेत असे समजावे. पिवळी व बारीक पडली तर तेथे दोष. हे करताना जवळ पेट्रोलचे भांडे किंवा भिजलेली चिंधी नसावी हे सांगावयास नको, पण सांगतो.

मग पॉइंट. ते पूर्ण उघडलेले असता त्यांतील अंतर ह्या एंजिनात इंचाच्या हजार भागांपैकी वीस, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असावे. ते फिलर गेजच्या पट्टीने पाहावे, नजरेने नव्हे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे अंतर वाढविले की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी आधी पडते. कमी केले की उशिरा पडते. म्हणून आधी अंतर व नंतर वेळ हा क्रम कधीही उलटा करू नये. नाहीतर लावलेली वेळ अंतर बदलताच पुन्हा हलते. ह्याच कारणाने, नित्य चालणाऱ्या गाडीतही ठिणगी हळूहळू उशिरा पडत जाते. पॉइंटास दांड्याच्या कोनावर घासणारी एक लहान ठोकळी असते. ती महिनोन्महिने झिजते, अंतर मिटत जाते, आणि रोज थोडीथोडी कमी होणारी ओढ कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्या दांड्यास तुरीच्या दाण्याएवढे ग्रीस पुरे. अधिक लावले तर ते उडून पॉइंटांवर बसते.

आता ती वजने. झाकण काढून रोटर बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने हलका वळवावा. तो थोडासा वळून, सोडताच स्प्रिंगेच्या जोराने परत आला पाहिजे. न वळला, किंवा वळून तेथेच राहिला, तर वजने अडकली आहेत असे निश्चित समजावे. ह्या परीक्षेस एक पैसाही लागत नाही. डबी काढण्यापूर्वी मात्र रोटरचे तोंड कोणत्या बाजूस आहे त्याची खूण खडूने करून ठेवावी. म्हणजे परत बसविताना घोळ होत नाही.

शेवटी वेळ लावणे. एंजिन हँडलने सावकाश फिरवून पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या दाबाच्या फेरीत वरच्या टोकास आणावा. येथे फसगत होण्याचा संभव आहे. कारण पहिला व सहावा हे दट्ट्ये नेहमी एकाच वेळी वर येतात, आणि एक दाबाच्या फेरीत असताना दुसरा धूर बाहेर टाकण्याच्या फेरीत असतो. पुढच्या चाकावरची खूण दोहोंस सारखीच जुळते. म्हणून पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हवा बाहेर रेटते आहे की नाही हे पाहावे. मग बॅटरीच्या व्होल्टाचा एक लहान दिवा घेऊन त्याची एक तार डबीच्या बाहेरील पॉइंटाच्या खिळीस व दुसरी एंजिनाच्या लोखंडास लावावी आणि किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असेतो दिवा विझलेला राहतो; उघडताच लागतो. आपल्या एंजिनाच्या पुस्तकात जो अंश दिला असेल त्या खुणेवर दिवा नेमका लागेल अशा रीतीने डबी फिरवून घट्ट करावी. ठिणगीचा क्रम ह्या सहा सिलिंडरी एंजिनात १-५-३-६-२-४ असा आहे. तारा लावताना तो कागदावर लिहून समोर ठेवावा.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा आपल्याकडे पुष्कळ मोटारी लाकडी कोळशाच्या वायूवर चालविण्यात येत. तो वायू सावकाश जळतो, म्हणून ठिणगी पुष्कळच आधी लावावी लागे. ती तशीच ठेवून गाडी पुन्हा पेट्रोलवर घेतली तर हँडल उसळलेच म्हणून समजावे. दोष मात्र गाडीच्या नशिबी. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि त्यांतले काही आपल्याच भागातील उसाचे असते. त्याने खणखण वाढत नाही, उलट कमीच होते. परंतु जुन्या रबरी पडद्यांस व नळ्यांस ते मानवत नाही आणि पाणी ओढून घेते. पेट्रोलचा पंप ठिबकत असेल तर ठिणगीचे कोणतेही काम करण्यापूर्वी तो बदलावा.

आता हँडलाविषयी, कारण गाडी भंगारात गेली तर पैशाचे नुकसान, हात गेला तर जन्माचे. हँडलच्या उलट्या फटक्याने मनगटाजवळचे अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडण्याचा प्रकार एके काळी इतका नित्याचा होता की, वैद्यकीय ग्रंथांत त्या मोडीस "शोफर्स फ्रॅक्चर", म्हणजे मोटारचालकाची मोड, असे नावच पडले आहे. अंगठा हँडलास वेढून धरू नये. बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उसळी आली तर मूठ आपोआप सुटते. हँडल खाली दाबावयाचे नाही. खालून वर ओढावयाचे, तेही अर्धाच फेरा. आणि ज्या एंजिनाची वेळ चुकलेली आहे असा संशय आहे त्यास वेळ लावून होईपर्यंत हात लावूच नये. पुतण्या सुदैवाने लचकण्यावर सुटला.

मुळात हँडल मारण्याची वेळ का आली? ह्या गाड्यांची विजेची रचना सहा व्होल्टांची आहे आणि तिच्यात बॅटरीचे धन टोक लोखंडास जोडलेले असते. आजच्या गाड्यांत बारा व्होल्ट आणि ऋण टोक लोखंडास. सहा व्होल्टांत तेवढेच काम करावयास दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तारा बोटाएवढ्या जाड हव्यात. बाजारातील बारा व्होल्टांच्या बारीक तारा लावल्या की स्टार्टर कण्हत राहतो, त्याच वेळी कॉइलचाही दाब पडतो, आणि ठिणगीही मरते. बॅटरी सवयीने उलटी जोडली तर गाडी चालते, पण प्लगमधील ठिणगीची दिशा उलटी होते. प्लगचे मधले टोक अधिक तापलेले असते. त्या तप्त टोकापासून विद्युत्कण सुटणे सोपे, थंड कडेपासून सुटणे अवघड. म्हणून उलट्या जोडणीत त्याच ठिणगीस अधिक दाब लागतो, आणि चढावर ती चुकू लागते. धन टोक लोखंडास असलेल्या गाडीत कॉइलची धन खूण असलेली खिळी डबीकडे गेली पाहिजे. हे आम्ही पत्रात तांबड्या शाईने लिहिले होते.

त्यांचे दुसरे पत्र ह्या आठवड्यात आले. दाबाचे सहाही आकडे जवळपास सारखे निघाले. रोटर वळविण्याचा प्रयत्न केला, तो दगडासारखा. डबी उघडली तेव्हा दोन्ही वजने तांबेऱ्याने खुंटीस चिकटलेली होती. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून ती सुटली, एक स्प्रिंग मात्र नवी घालावी लागली. पॉइंटांतील अंतर निम्म्यावर आले होते. स्टार्टरच्या तारा बारीकच होत्या, त्या बदलल्या. वेळ दिव्याने लावली ती नातीने. काकांनी दिवा धरला. आता गाडी स्टार्टरने चालू होते. निमगाव केतकीपर्यंत जाऊन आली तरी पाणी उकळले नाही. बार काढणे मात्र उतारावर अजून थोडे शिल्लक आहे. ते बहुधा सायलेन्सरच्या फुटलेल्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते म्हणून असावे. जोड झाळून घ्यावा. मधल्या भावांनी भंगाराच्या व्यापाऱ्यास नकार कळविला आहे.

पत्राच्या कडेला नातीने स्वतः एक प्रश्न लिहिला आहे : घरच्या ट्रॅक्टरला ह्यांपैकी काहीच का नाही? तिला ह्याचे उत्तर कॉलेजात मिळेलच. घरातील इतरांसाठी लिहितो. डिझेलच्या एंजिनात नुसती हवा पंधरा ते वीस पट दाबतात. त्या दाबाने ती इतकी तापते की, पंपाने उडविलेले डिझेल आपोआप पेटते. तेथे ठिणगी नाही, पण वेळ आहेच. ती पंपाकडे असते, आणि चुकली म्हणजे ठोके, धूर व तापणे ही लक्षणे तेथेही दिसतात. आजच्या पेट्रोल गाड्यांत डबीही राहिली नाही. दंडावरील दातेरी चक्राकडे एक विद्युत्-डोळा पाहत असतो, आणि वेळ ठरविण्याचे काम संगणक करतो.

राहिला पालखीचा प्रश्न. येथे आमचे मत थोडे कटू वाटेल. ठिणगी सुधारली म्हणून गाडी वारीच्या गर्दीत नेण्यास योग्य झाली, असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या चालीने, दाटीतून, तासन्‌तास पहिल्या गिअरवर चालताना चांगले एंजिनही तापते. सत्तर वर्षांचे ब्रेक पुढे चालणाऱ्या वारकऱ्यांच्या भरवशावर तपासून पाहावयाचे नसतात. आणि बेलवाडीस गोल रिंगण होते तेथे घोड्यांच्या जवळपास सायलेन्सरचा एक बार निघाला तर काय होईल ह्याची कल्पनाच केलेली बरी. आषाढाची पहिली सर आली की डबीच्या झाकणात ओल धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता झाकणातच पसरते, हेही आहेच. तेव्हा आम्ही सुचविले ते असे की, गाडी आदल्या दिवशीच आपल्या वस्तीच्या फाट्यावर नेऊन, रस्त्यापासून दूर, सपाट जागी, चाकांस दगड लावून उभी करावी. तिच्यावर पाण्याची पिंपे व चहाची व्यवस्था ठेवावी, आणि दिंडीचे सामान चालत्या गाडीतून जावे. थोरल्या बंधूंनी हे मान्य केले आहे. त्या दिवशी गाडी चालू करावयाचीच नसल्याने बॅटरीची एक तार सोडून ठेवावी, आणि हँडल घरी माजघरात ठेवावे, म्हणजे उत्साही पोरांच्या हाती लागणार नाही.